कुंची ते गणवेश : परभणी जिल्ह्यातील लहान मुलांच्या हिवाळी पोशाखाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत, हे वाक्य आपण शालेय वयापासून ऐकत आलो आहोत. त्यातील वस्त्राचा विचार करताना ते कोणाचे, कोणत्या ऋतूतील आणि ते कोणी कोणाला द्यावयाचे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. मराठी पोशाखाच्या इतिहासात पागोटे, अंगरखा, नऊवारी लुगडे, पैठणी यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. लहान मुलांच्या कपड्यांना मात्र त्यात फारच थोडी जागा मिळाली. याचे एक कारण साधनांच्या अभावात आहे. मुलांचे कपडे टिकत नाहीत. थोरल्याचे झबले धाकट्याच्या अंगावर जाते, ते विरले की त्याचे फडके होते, फडक्याचा तुकडा वाकळेत जातो आणि वाकळ फाटली की तिचे पायपुसणे होते. ज्या वस्तूचा शेवटच्या धाग्यापर्यंत वापर होतो, ती वस्तू संग्रहालयापर्यंत पोहोचत नाही.

तरीही हा विषय गौण नाही. हिवाळ्यात लहान मुलाला ऊब मिळावी, त्याला त्या कपड्यात खेळता-वावरता यावे आणि चारचौघांत तो कपडा शोभावा, या तिन्ही गरजा एकाच वस्त्राने भागवणे हे प्रत्येक काळातील आईपुढचे काम राहिले आहे. परभणी जिल्ह्यात हे काम कोणत्या साधनांनी झाले, ती साधने का बदलली आणि त्या बदलात मुलांच्या वाट्याला काय आले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. परभणी जिल्ह्यातील हिवाळ्याचे स्वरूप आणि पारंपरिक बालवस्त्रांची रचना यांचा संबंध तपासणे.
२. या वस्त्रांमागील कारागीर व कौटुंबिक व्यवस्थेचा परिचय करून घेणे.
३. शालेय गणवेश आणि तयार कपडे यांच्या प्रसारानंतर मुलांच्या हिवाळी पोशाखात झालेल्या बदलाचा अर्थ लावणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लिखित साधने तुटपुंजी असल्यामुळे शब्दकोशांतील नोंदी, सणांचे आचार, शासनाचे निर्णय आणि घरोघरी जपलेल्या वस्तू यांचाही साधन म्हणून उपयोग केला आहे.

परभणीच्या थंडीचे स्वरूप :

परभणी जिल्हा मराठवाड्याच्या पूर्व भागात, गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला आहे. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम आणि पूर्णा असे त्याचे नऊ तालुके आहेत. हा प्रदेश समुद्रापासून दूर असून त्याची उंची सुमारे चारशे मीटर आहे. मराठवाडा म्हटले की उन्हाळा आणि दुष्काळ डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे येथील थंडीची दखल फारशी घेतली जात नाही. वस्तुतः समुद्राचा प्रभाव नसल्यामुळे येथील रात्री झपाट्याने थंड होतात. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठातील वेधशाळेत किमान तापमान पाच अंश सेल्सिअसच्या खाली उतरले होते. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली आल्यानंतरच भारतीय हवामान खाते थंडीच्या लाटेचा विचार करते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

या थंडीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती दिवसभर राहत नाही. पहाटे कुडकुडायला लावणारी हवा दहा-अकरा वाजेपर्यंत उबदार होते आणि दुपारी ऊन चटके देऊ लागते. उत्तर भारतातील धुक्याच्या दिवसांत मुलाला सकाळी चढवलेला जाड कपडा रात्रीपर्यंत अंगावर राहू शकतो. परभणीत तोच कपडा दुपारी नकोसा होतो. म्हणजेच येथील मुलाला सकाळी चटकन घालता येईल, ऊन चढले की चटकन काढता येईल आणि संध्याकाळी पुन्हा पांघरता येईल असा कपडा लागतो. पारंपरिक बालवस्त्रांची रचना पाहिली असता ती नेमकी या गरजेतून घडलेली दिसते.

कुंची, टोपडे आणि झबले : आजोळचे वस्त्र

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या कोशात कुंची, टोपडे, झबले हे शब्द बालवस्त्रांची नावे म्हणून आलेले आहेत. यांपैकी कुंची हे वस्त्र आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. आयताकृती कापड मध्यावर दुमडून त्याची एक कड शिवली की डोक्यावर बसणारे टोक तयार होते. उरलेले कापड मानेवरून पाठीवर आणि खांद्यांवर मोकळे सोडलेले असते. हनुवटीखाली बांधण्यासाठी दोन बंद लावले की कुंची पूर्ण झाली. तिला बाह्या नाहीत, गुंड्या नाहीत आणि नेमके मापही नाही. त्यामुळे तीन महिन्यांच्या बाळाला शिवलेली कुंची ते दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत चालते. झोपलेल्या बाळाला न उठवता ती घालता आणि काढता येते.

कुंचीच्या बाहेरच्या अंगाला खणाचे किंवा रेशमी काठाचे कापड आणि आतून आईच्या किंवा आजीच्या जुन्या लुगड्याचे अस्तर, ही रचना अनेक घरांत आढळते. बाहेरचे कापड समारंभासाठी आणि आतले बाळाच्या कातडीसाठी होते. पुष्कळदा धुतल्यामुळे मऊ झालेले सुती कापड नव्या कापडापेक्षा बाळाला मानवते, हा अनुभव त्यामागे होता. सुरुवातीचे दिवस बाळाला जुन्या कापडातच गुंडाळण्याची रूढीही याच अनुभवातून आलेली असावी. लुगड्याच्या चार पदरांचे शिवलेले दुपटे आणि चौघडी हीदेखील याच जातीची वस्त्रे होत. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता धरून ठेवते, हे तत्त्व पुस्तकात न वाचताही या बायकांच्या हाताला ठाऊक होते.

ही वस्त्रे देण्याची जबाबदारी परंपरेने आजोळची होती. पहिले बाळंतपण माहेरी होई आणि सासरी परतताना लेकीबरोबर बाळंतविडा पाठवला जाई. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, पायमोजे अशा वस्तू त्यात असत. बाळंतविड्याकडे आपण हौसेचा भाग म्हणून पाहतो. परंतु नवजात मुलाच्या पहिल्या हिवाळ्याची तरतूद करणारी ती एक सामाजिक संस्थाच होती. प्रस्तुत लेखिकेच्या आजीने शिवलेली एक कुंची घरातील पत्र्याच्या पेटीत आजही आहे. तिच्या अस्तराला तीन वेगवेगळ्या लुगड्यांचे तुकडे जोडलेले आहेत आणि घरातील सात मुलांनी ती वापरली आहे. तिच्यावर कोणाचे नाव नाही, पण कुटुंबातील प्रत्येक बायकोमाणसाला त्यातील कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे सांगता येते.

याच संदर्भात बोरन्हाणाचा विचार करता येईल. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काळात लहान मुलाला काळे झबले किंवा काळा सदरा घालून, हलव्याचे दागिने चढवून, त्याच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे ओतले जातात. एरवी अशुभ मानलेला काळा रंग या एकाच सणाला मुद्दाम वापरला जातो. काळा रंग उष्णता शोषून घेतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते मुळापासूनचे कारण असो वा नंतर जोडलेले, वर्षातील थंड दिवसांत मुलाचा समारंभ करावयाचा आणि त्याचा कपडा ऋतूला साजेसा असावा, ही जाणीव त्यातून व्यक्त होते. हा विधी पूर्वी प्रामुख्याने पांढरपेशा घरांत होत असे. गेल्या काही दशकांत तो इतर समाजांतही पसरलेला दिसतो.

सनगर, पिंजारी आणि शिंपी : गावातील ऊब

घरातील बायकांच्या शिवणाला गावगाड्यातील कारागिरांची जोड होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात अलुतेदारांची जी यादी येते, तीत साळी, सनगर आणि शिंपी या तिघांचा समावेश आहे. साळी सुती कापड विणणारा, सनगर घोंगडी विणणारा आणि शिंपी शिवणारा. वस्त्राशी संबंधित तीन व्यवसायांना गावाच्या रचनेत स्थान होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

घोंगडीची लोकर दख्खनी मेंढीची. धनगरांचे कळप सुगीनंतर शेतात बसवले जात. शेतकऱ्याला खत मिळे आणि धनगराला धान्य. मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारणपणे दोनदा कातरली जाई. ती पिंजून, सूत काढून, खड्ड्याच्या मागावर विणली जाई आणि चिंचोक्याच्या खळीने तिला ताठरपणा दिला जाई. दख्खनी लोकर जाड व राठ असते. लहान मुलाच्या अंगाला ती टोचते. म्हणून आत सुती दुपटे आणि बाहेर घोंगडी असा क्रम असे. मोठी मुले घोंगडीची खोळ करून ती डोक्यावरून घेत. खोळ आणि कुंची यांचा आकार सारखाच आहे. एक लोकरीची आणि न शिवलेली, दुसरी सुताची आणि शिवलेली, एवढाच फरक. डोके, कान आणि पाठ झाकून हातपाय मोकळे ठेवणे हे दोहोंचे सूत्र होय.

पिंजारी हा या व्यवस्थेतील तिसरा दुवा. हिवाळ्याच्या तोंडावर खांद्यावर कमान घेऊन तो दारी येई आणि गादी-दुलईतील दबलेला कापूस पिंजून पुन्हा फुलवून देई. कापूस भरलेली बंडी ही थोरामोठ्यांच्या अंगावर असे. तिचेच लहान रूप खाऊनपिऊन सुखी घरांतील मुलांना मिळे. ज्यांच्याकडे नवा कापूस भरण्याची ऐपत नव्हती, त्यांच्याकडे वाकळ होती.

शिंपीकामाच्या परंपरेला या भूमीत एक वेगळाच मान आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे गाव १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. नामदेव शिंपी कुळातील होते आणि येथील शिंपी समाज त्यांचे नाव अभिमानाने धारण करतो. गावातील शिंप्याला मुलाचा कपडा शिवायला देताना ‘वाढत्या अंगाचा’ शिवा, असे आवर्जून सांगितले जाई. आत कापड दाबून ठेवायचे, मूल वाढले की शिवण उसवून ते सोडायचे, हा त्याचा अर्थ. मूल वाढणार हे गृहीत धरून कापड बेतण्याची ही रीत तयार कपड्यांच्या आकड्यांच्या मापात उरली नाही.

कापूस गेला, कापड आले :

परभणी हा कापसाचा जिल्हा आहे. ‘गावरानी’ या नावाने ओळखला जाणारा देशी कापूस निजाम राजवटीतही या भागाची ओळख होता. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली आणि मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतचा मार्ग सेलू, परभणी, पूर्णा या गावांतून गेला. सरकी काढण्याचे व गठाणी बांधण्याचे कारखाने या पट्ट्यात उभे राहिले. मानवत आणि सेलू या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा बनल्या. गठाणी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि त्याच गाड्यांनी गिरणीचे कापड येऊ लागले. स्वस्त आणि एकसारख्या मांजरपाटापुढे साळ्याचा माग टिकणे कठीण होते.

या बदलाला केवळ ऱ्हास म्हणून चालणार नाही. गिरणीच्या कापडामुळे गरीब घरातील मुलालाही सदरा मिळाला. १९३० च्या दशकात देशी बनावटीची ‘उषा’ शिलाई यंत्रे बाजारात आली आणि पुढे शिवणयंत्र खेड्यांतही पोहोचले. परंतु एक गोष्ट निसटली. गिरणीचे कापड पातळ आणि एकेरी होते. त्याचा सदरा दिसायला नीटस, पण उबेला अपुरा. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि कापूस हे पूर्णपणे रोख पैशाचे पीक बनले. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाल्यावर देशी कापसाचे क्षेत्र आणखी घटले. मराठवाडा कृषी विद्यापीठाने, म्हणजेच २०१३ पासूनच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, देशी कापसाच्या सुधारित वाणांवर काम चालू ठेवले आहे. तरी घरच्या कापसाने घरच्या मुलाची दुलई भरणे ही गोष्ट अपवादात्मक झाली.

कापसाची वेचणी हिवाळ्यातच चालते. दवाने भिजलेल्या शेतात आई पहाटे वेचणीला जाते आणि तान्हे मूल बांधावरच्या झोळीत असते. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील मुले थंडीत उघडी पडतात, हा विरोधाभास उत्पादन आणि उपभोग यांच्या तुटलेल्या नात्यातून आलेला आहे.

जुने कापड आणि प्रतिष्ठेचा प्रश्न :

जुन्या कापडातून ऊब निर्माण करण्याच्या परंपरेचे वर्णन करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. जुने कापड सर्वांसाठी सारखे नव्हते. आईच्या लुगड्याची कुंची हा मायेचा विषय होता. वाड्यावरून मिळालेली उतरण हा मात्र लाचारीचा विषय होता. गावकुसाबाहेरच्या मुलांना कपडा मिळे तो बहुधा दुसऱ्याने टाकलेला. कोणी कोणते वस्त्र, कसे आणि कोठपर्यंत नेसावे, यावर जातिव्यवस्थेचा पहारा होता.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण करताना अस्पृश्यतेची खूण ठरणारी पोशाखाची पद्धत सोडून देण्याचे आणि स्वच्छ राहण्याचे आवाहन केले होते. या आवाहनाचा अर्थ मुलांच्या वस्त्रांपर्यंत पोहोचतो. नवा, स्वतःच्या मापाचा, स्वतःच्या पैशाने घेतलेला कपडा हा ज्यांच्यासाठी मुक्तीचा अनुभव होता, त्यांना जुन्या वाकळेच्या गौरवात रस नसणे स्वाभाविक आहे. म्हणून पारंपरिक बालवस्त्रांकडे पाहताना त्यांतील ज्ञान घ्यावे आणि त्यांभोवतीची विषमता नाकारावी, अशी भूमिका प्रस्तुत लेखात घेतली आहे.

गणवेश आणि स्वेटर :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर प्राथमिक शाळांचे जाळे खेडोपाडी पसरले. शाळेबरोबर गणवेश आला. पांढरा सदरा आणि खाकी चड्डी, पांढरे पोलके आणि निळा स्कर्ट हा वेश पाटलाच्या आणि मजुराच्या मुलाला एका रांगेत उभा करणारा होता. जातीची आणि ऐपतीची खूण पुसणारे वस्त्र म्हणून गणवेशाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे.

परंतु हा गणवेश ऋतूचा विचार करून बेतलेला नव्हता. जूनमध्ये मिळणारा एकेरी कापडाचा तोच वेश जानेवारीतही घालावयाचा असे. घरातील ऊब देणारी वस्त्रे, म्हणजे खोळ, शाल, जुना रुमाल, शाळेत अशोभनीय ठरली. मुलाचा मानाचा पोशाख आणि त्याचा उबदार पोशाख येथे प्रथमच एकमेकांपासून वेगळे झाले. कुंचीत ही दोन्ही कामे एकत्र होती.

या फारकतीचे चित्र प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत दिसते. प्रस्तुत लेखिका एका खेड्यातील शाळेत तिसरीत असताना २६ जानेवारीच्या पहाटे ध्वजवंदनासाठी रांगेत उभी होती. ज्यांच्याकडे स्वेटर होते त्यांना ते काढून ठेवायला सांगण्यात आले, कारण रंगीबेरंगी स्वेटरांमुळे रांग एकसारखी दिसत नव्हती. ज्यांच्याकडे स्वेटर नव्हते त्यांना काढण्यासारखे काही नव्हते. समानतेचा हेतू चांगला होता, पण ती समानता थंडीत कुडकुडण्याची होती. अशी आठवण आपल्यापैकी अनेकांकडे असेल.

स्वेटर हे वस्त्र मराठवाड्यात तुलनेने अलीकडचे. विणकामाच्या सुया आणि लोकरीचे गुंडे शहरी मध्यमवर्गीय घरांत आधी आले. महिला मंडळे आणि शाळांतील हस्तकलेच्या तासांनी ही कला पसरवली. हाताने विणलेला स्वेटर उसवून, वाढवून पुन्हा विणता येत असे. त्यामुळे ‘वाढत्या अंगाचा’ हे तत्त्व त्यातही टिकून राहिले. पुढे लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला तयार माल आला. दिवाळीनंतर राज्यातील मोठ्या शहरांत तिबेटी आणि नेपाळी विक्रेत्यांच्या लोकरी कपड्यांच्या रांगा लागू लागल्या. आठवडी बाजारात मिळणारे स्वेटर बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात. ते हलके, स्वस्त आणि रंगीत असतात हे खरे. परंतु घाम शोषत नाहीत, डोके आणि कान उघडे ठेवतात आणि शेकोटीजवळ बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने धोक्याचे ठरतात. कृत्रिम धागा पेटल्यावर वितळून कातडीला चिकटतो. कृत्रिम स्वेटर थेट अंगावर न घालता आत सुती कपडा घालावा, हा साधा नियमही सर्वत्र पाळला जात नाही.

कोपीतील हिवाळा :

परभणी जिल्ह्यातील मुलांच्या हिवाळ्याचा विचार ऊसतोडीच्या स्थलांतराशिवाय अपुरा राहील. मराठवाड्यातील इतर जिल्ह्यांप्रमाणे येथूनही अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गाळपाचा हंगाम आणि हिवाळा एकच आहे. पाचटाच्या कोपीत वस्ती, ओलिताच्या उसाच्या फडालगतचा गारवा आणि पहाटे अंधारात सुरू होणारी तोड, अशा स्थितीत लहान मूल एकतर कोपीत थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असते किंवा फडाच्या कडेला पाचटावर निजवलेले असते.

या मुलांना गावातील शाळेचा गणवेश मिळालेला असतो, पण त्या काळात ती शाळेत नसतात. अंगणवाडीत त्यांचे नाव असते, पण ती अंगणवाडी गावात राहते. आजोळची कुंची घेऊन येणारी आजी अनेकदा स्वतःच फडात असते. कुटुंब, गाव आणि शासन या तिन्ही व्यवस्था जिथे एकाच वेळी दूर असतात, तिथे मुलाच्या अंगावर आईचा पदर तेवढा उरतो. बालवस्त्राचा प्रश्न हा मुळात व्यवस्थेचा प्रश्न आहे, हे येथे सर्वाधिक स्पष्ट होते.

वैद्यकशास्त्राची साक्ष आणि शासनाची पावले :

नवजात बालकाचे शरीर लवकर थंड होते आणि त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे उघड्या डोक्यातून बरीच उष्णता जाते, हे आज सर्वमान्य आहे. जागतिक आरोग्य संघटना नवजाताचे सामान्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस मानते. गडचिरोली येथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात घरच्या घरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्यात गावातील आरोग्यदूत महिलांना बाळाला उबदार ठेवण्याचे शिक्षण देण्यात आले आणि उबदार झोळीवजा पिशवीचा उपयोग करण्यात आला. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही सेवा देशभर सुरू झाली. डोके झाकणारे, सर्वांगाला वेढणारे आणि सहज उघडता येणारे वस्त्र ही या पिशवीमागची कल्पना कुंचीच्या फार जवळची आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१९ मध्ये शासकीय रुग्णालयांत पहिले बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी बालसंगोपन साहित्याचा संच देण्याची योजना आणली. सुमारे २,००० रुपये किमतीच्या या संचात बाळाचे कपडे, ब्लँकेट, हातमोजे, पायमोजे यांचा समावेश करण्यात आला. हा एका अर्थाने शासनाने दिलेला बाळंतविडा होय.

नवजात बालकाबाबत ही जाणीव दिसते, पण त्यापुढील वयाबाबत ती क्षीण होते. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी प्रतिविद्यार्थी ६०० रुपयांची मर्यादा ठरवण्यात आली. या रकमेत गरम कपडा बसत नाही. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये पालकांच्या खात्यावर १,१०० रुपये जमा करण्याचे ठरवले, त्यात स्वेटरसाठी २०० रुपये स्वतंत्र धरले होते. महाराष्ट्रात २०२४-२५ या वर्षी गणवेश शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे देण्याचा प्रयोग झाला. त्यात विलंब झाला आणि ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचे ठरले. मुलांची अपुरी झोप आणि हिवाळ्यातील सकाळचा त्रास ही कारणे त्यात विचारात घेतली गेली. शाळेच्या वेळेत थंडीचा विचार झाला. शाळेच्या कपड्यात तो अद्याप व्हावयाचा आहे.

निष्कर्ष :

१. परभणी जिल्ह्यातील थंडी पहाटेची व रात्रीची आहे. कुंची, खोळ, दुपटे ही पारंपरिक वस्त्रे थरांची, सैल आणि सहज काढता येणारी होती. येथील हवामानाला ती जाड स्वेटरापेक्षा अधिक अनुरूप होती.

२. या वस्त्रांमागे आजोळ, शिंपी, सनगर, पिंजारी अशी व्यवस्था उभी होती. ती विषमतेपासून मुक्त नव्हती. मात्र मुलाची ऊब ही कोणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी होती.

३. गणवेशाने मुलांना समान प्रतिष्ठा दिली, पण ऊब गणवेशाबाहेर ठेवली. त्यामुळे गरम कपडा ही प्रत्येक पालकाच्या खरेदीची बाब बनली आणि समानतेचे वस्त्र हिवाळ्यापुरते अपुरे राहिले.

४. दरवर्षी डिसेंबरमध्ये होणारे ब्लँकेटवाटप हे सद्भावनेचे काम आहे. परंतु रांगेत उभे राहून घेतलेले ब्लँकेट मुलाला ऊब देते, मान देत नाही. गरम कपडा गणवेशाचाच भाग म्हणून मिळाला तर त्यात दानाचा भाव राहणार नाही.

या निष्कर्षांच्या आधारे काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. शालेय गणवेशात समोरून उघडणारी, आतून सुती अस्तर असलेली एक बिनबाह्यांची बंडी आणि कान झाकणारी टोपी समाविष्ट करावी. ती वाढत्या अंगाची शिवावी, म्हणजे दोन हिवाळे चालेल. स्थानिक बचत गटांना हे काम दिवाळीपूर्वी पुरेसा वेळ ठेवून द्यावे. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना हा कपडा ते गाव सोडण्यापूर्वी हाती मिळावा. आणि तोपर्यंत, ज्या शाळांत आपले विद्यार्थी शिक्षक म्हणून काम करत आहेत, त्या शाळांत येत्या २६ जानेवारीला मुलांना स्वेटर काढायला न लावणे, एवढे तर कोणत्याही शासन निर्णयाशिवाय करता येण्यासारखे आहे. आजीच्या पेटीतील सात मुलांनी वापरलेली कुंची इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा वेगळे काही सांगत नाही : मूल थंडीत उघडे पडू नये, हे पाहणे कोणाचे तरी काम असले पाहिजे.